फॉर्म भरला, पुढे काय?

वेबसाइटवर किती लोक आले हे सगळेच मोजतात. त्यातल्या कितींनी हाक मारली आणि आपण ‘ओ’ दिली का, हे मोजलंय कधी?

शनिवारची सकाळ. धायरीतल्या मामाच्या वर्कशॉपमध्ये मी चहात क्रीमरोल बुडवत बसले होते. मागे कटरचा कर्णकर्कश आवाज, हवेत प्लायवूडचा भुसा आणि समोर मामाचा पडलेला चेहरा. मामा किचन ट्रॉल्या बनवतो. गेली बावीस वर्षं. हातात कला आहे, माणूस सरळ आहे, पण मार्केटिंग म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्याला वेबसाइट करून दिली. भाची आयटीत असली की ही कामं आपोआप गळ्यात पडतात, हे तुम्हालाही माहीत असेलच!

तेवढ्यात एक काकू आत आल्या. साठीच्या आसपासच्या. हातात भाजीची पिशवी.

“ट्रॉलीवाले तुम्हीच ना?” त्यांनी विचारलं. मामा उठला, खुर्ची पुढे केली. काकू बसल्या नाहीत.

“तुमच्या वेबसाइटवर तीन वेळा फॉर्म भरला मी. तिथे लिहिलंय, ‘चोवीस तासांत संपर्क करू.’ दोन महिने होत आले. काम घ्यायचं नसेल तर नाही म्हणा, पण असं लिहिता कशाला?”

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी क्रीमरोलकडे.

काकूंच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला होता. हॉस्पिटलातून घरी आणायच्या आत त्यांना स्वयंपाकघरातला ओटा बदलून घ्यायचा होता. उंची थोडी कमी, आणि खाली व्हीलचेअर जाईल, गुडघे मावतील एवढी मोकळी जागा. “सकाळचा चहा चाळीस वर्षं तेच करतात,” काकू म्हणाल्या. “त्यांना तो परत स्वतःच्या हाताने करायचा होता.” मामाच्या साइटवर अशाच एका ओट्याचा फोटो होता. तो बघूनच त्यांनी फॉर्म भरला. उत्तर नाही. पुन्हा भरला. मग तिसऱ्यांदा. शेवटी डिस्चार्जची तारीख आली आणि त्यांनी मिळेल त्या माणसाकडून काम उरकून घेतलं.

“झालं ते झालं. इथून चालले होते, म्हणून सांगायला आले,” असं म्हणून त्या निघून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

दोष कुणाचा?

मामाने लगेच ऑफिस सांभाळणाऱ्या ताईकडे मोर्चा वळवला. ती बिचारी रडायच्या बेतात. “दादा, आईशप्पथ, मला एकही मेल आलेला नाही.” मामाला ते पटलं नाही. तसाही तो तिला पुढच्या एक तारखेपासून नको सांगायच्या विचारात होता. त्याचं लॉजिक सोपं होतं. जाहिरातीवर महिन्याला पंधरा हजार जातात, पण चौकशी येत नाही. चौकशीच येत नाही, तर ती घ्यायला माणूस कशाला? जाहिरात बंद, वेबसाइट बंद, ताईची नोकरीही बंद. एका दगडात तीन पक्षी!

आणि मी? मी दर महिन्याला मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक छान रंगीत ग्राफ पाठवत होते. ‘मामा, या महिन्यात साडेसहाशे लोक साइटवर आले. झक्कास!’ तो अंगठा दाखवायचा. आमचं वेब अ‍ॅनालिटिक्स तिथेच संपायचं.

खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. दुकानाबाहेरून किती माणसं गेली हे मी मोजत होते. त्यातलं कोण आत आलं, कोणी काउंटरवर टकटक केलं आणि कोण ताटकळून परत गेलं, हे कधी बघितलंच नव्हतं.

आकडा तिथेच होता

मी लॅपटॉप उघडला. गूगल अ‍ॅनालिटिक्स आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे बघितलेलं असतं. २००५ मध्ये गूगलने अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. जाहिरातीच्या लिंकच्या शेपटीला जे ‘यूटीएम’ चिकटवतात ना, त्यातला ‘यू’ म्हणजे हाच अर्चिन. जुन्या पद्धतीचं अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेईनासं झालं. आता आहे ती चौथी आवृत्ती, म्हणजे जीए-फोर.

या नव्या आवृत्तीचा फंडा असा, की साइटवर घडणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक ‘इव्हेंट’. पान उघडलं, इव्हेंट. खाली स्क्रोल केलं, इव्हेंट. त्यातच ‘एन्हान्स्ड मेझरमेंट’ नावाचं एक बटण असतं. ते चालू असलं की फॉर्मला कुणी हात लावला तर ‘फॉर्म स्टार्ट’ आणि फॉर्म पाठवला तर ‘फॉर्म सबमिट’ अशा दोन नोंदी आपसूक होतात. मामाच्या साइटवर ते बटण पहिल्या दिवसापासून चालू होतं. मी ते कधी उघडून बघितलं नव्हतं, एवढंच.

इव्हेंटच्या यादीत गेले. वर आलेल्या सर्चच्या चौकटीलाही हे साधन कधी कधी फॉर्म समजतं, म्हणून फक्त ‘संपर्क’ पानावरच्या नोंदी वेगळ्या काढल्या. तीन महिन्यांत ‘फॉर्म सबमिट’ किती? ४६.

मग मामाची मेलची पेटी उघडली. तीन महिन्यांत फॉर्ममधून आलेले मेल किती? ९.

वर्कशॉपमधला कटर नेमका तेव्हाच थांबला. ताई हळूच म्हणाली, “बघा दादा. मी सांगत होते ना?”

पोस्टाचा शिक्का दुसऱ्याच गावचा

स्पॅमचा फोल्डर उघडला आणि तिथे आणखी १२ मेल निघाले. ट्रॉली हवी, लॉफ्ट हवा, टू बीएचकेचं पूर्ण किचन हवं! जीमेलचा स्पॅम ३० दिवसांनी आपोआप साफ होतो. म्हणजे त्याआधीचे जे कुणी होते ते गेले. कायमचे. काकूंचे तिन्ही मेल त्यातच.

आता ४६ म्हणजे ४६ वेगळी माणसं नव्हेत. काकू एकट्याच तीन होत्या, दोन-तीन फॉर्म मी स्वतः चाचणीसाठी भरलेले, एखाद-दुसरा रोबोटनेही भरला असेल. पण सगळं वजा केलं तरी वीसेक माणसं उरतात. त्यांनी आपलं नाव, नंबर आणि गरज लिहून पाठवली आणि ती हवेत विरून गेली. आमच्या फॉर्मची रचना फक्त मेल पाठवायची होती, प्रत ठेवायची सोय नव्हती. आणि अ‍ॅनालिटिक्स कितीही हुशार असलं तरी ते नाव-नंबर साठवत नाही. कुणीतरी आलं होतं, इतकंच ते सांगतं. कोण, ते नाही.

घोळ काय होता? मी फॉर्म बनवताना ‘पाठवणारा’ या जागी भरणाऱ्याचाच ईमेल टाकला होता. मामाला थेट ‘रिप्लाय’ दाबता यावा म्हणून केलेला शहाणपणा! पण होतं काय, की मेल निघतो आपल्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून आणि त्यावर नाव असतं काकूंच्या जीमेलचं. पत्रावर सही पुण्याच्या माणसाची आणि पोस्टाचा शिक्का भलत्याच गावचा, तर पोस्टमनला संशय येणारच ना? एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही अवघड नावं म्हणजे याच शिक्क्याची तपासणी. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी तर गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम आणखी कडक केले.

यातली खरी गंमत, किंवा खरं दुर्दैव म्हणा, असं की काही मेल पोचत होते. सगळेच बंद झाले असते तर पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती. अधूनमधून एखादा येत राहिला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, चालू आहे की! चौकशीच कमी आहे.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. पाठवणारा म्हणून मामाच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता, उत्तराच्या जागी ग्राहकाचा पत्ता, मेल रीतसर लॉगिन करून पाठवायची सोय आणि प्रत्येक फॉर्मची एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये. अर्धा तास! तीन महिने वीस माणसं ताटकळली ती एवढ्यासाठी.

मोजायचं नक्की काय?

तुम्ही म्हणाल, आमचा कुठे ट्रॉलीचा धंदा आहे? पण आजूबाजूला बघा. मैत्रिणीचा योगा क्लास, भावाची वकिली, काकांचं गुहागरचं होमस्टे, तुमचा स्वतःचा फोटोग्राफीचा जोडधंदा. सगळ्यांच्या साइटवर एक ‘संपर्क करा’ असतं. म्हणून त्या शनिवारनंतर मी जे शिकले, ते सांगून टाकते.

पहिली गोष्ट, बटणावरचा क्लिक मोजू नका. ‘पाठवा’ बटण दाबलं म्हणजे फॉर्म गेला असं नाही. मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला की फॉर्म लाल होऊन तिथेच अडतो, पण क्लिक मात्र मोजला जातो. आपोआप होणाऱ्या ‘फॉर्म सबमिट’च्या नोंदीतही काही साइटवर अशी गडबड होते. त्यावर डोळे मिटून विश्वास नको.

सोपा आणि जुना उपाय म्हणजे धन्यवादाचं वेगळं पान. फॉर्म खरोखर गेला तरच ‘धन्यवाद, आम्ही लवकरच फोन करू’ हे पान उघडावं आणि ते किती वेळा उघडलं ते मोजावं. त्यातही एक मेख आहे. कुणी ते पान रिफ्रेश केलं की आकडा फुगतो. म्हणून एका भेटीत एकदाच मोजायची सेटिंग निवडायची.

वेगळं पान नसेल, त्याच जागी हिरवा संदेश येत असेल, तर गूगल टॅग मॅनेजर वापरून तो संदेश आल्यावरच इव्हेंट पाठवायचा. त्याला ‘जनरेट लीड’ हे गूगलनेच सुचवलेलं नाव द्यायचं आणि ‘की इव्हेंट’ म्हणून खूण करायची. पूर्वी यालाच ‘कन्व्हर्जन’ म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदललं. ही खूण आज केली तर आजपासून पुढचंच मोजलं जातं, मागचं नाही. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका.

आणि मग स्वतः फॉर्म भरा. मोबाइलवरून, वायफाय बंद करून, अगदी अनोळखी माणसासारखा. ‘रिअलटाइम’ रिपोर्टमध्ये गेल्या ३० मिनिटांतलं दिसतं. तिथे नोंद उमटली का? मेल आला का? कुणी वाचला का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच तुमचं दुकान उघडं आहे.

फॉर्म की परीक्षेचा पेपर?

इव्हेंट लागल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. मोबाइलवर फॉर्म भरायला सुरुवात करणारे भरपूर, पण पूर्ण करणारे त्यांच्या निम्मेही नाहीत. का? आमच्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. पिनकोड, कार्पेट एरिया, ओट्याची लांबी फुटात, बजेट, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ आणि बरंच काही. बसमध्ये एका हाताने दांडी धरलेला माणूस हे भरेल का हो? मामा म्हणाला, “अगं, माप घ्यायला तर मी जाणारच आहे. लांबी कशाला विचारतेस?” अकराचे चार रकाने केले. नाव, फोन, एरिया आणि काय हवंय. फॉर्म अर्धवट सोडणारे त्यानंतर बरेच कमी झाले.

जाहिरातींचंही बिंग फुटलं. प्रत्येक लिंकला वेगळं यूटीएम लावलं तेव्हा कळलं, की पंधरा हजारांच्या जाहिरातीतून गर्दी खूप यायची, पण फॉर्म मोजकेच. उलट, एका जुन्या गिऱ्हाइकाने आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून माणसं थोडी आली, आणि त्यातल्या निम्म्यांनी फॉर्म भरला. मी पाठवत होते त्या रंगीत ग्राफमध्ये ही माणसं एवढीशी रेघ होती. धंदा त्या रेघेत होता! जाहिरात बंद नाही केली, निम्मी केली. उरलेल्या पैशांत मामाने केलेल्या कामांचे चांगले फोटो काढून घेतले.

एक इशाराही देऊन ठेवते. मोजण्याच्या उत्साहात लोकांचं नाव, फोन, ईमेल अ‍ॅनालिटिक्सकडे पाठवू नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. काही फॉर्म ही माहिती धन्यवादाच्या पानाच्या पत्त्यातच चिकटवतात आणि ती नकळत तिकडे पोचते, तेवढं तपासा. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला आहे. ज्याने विश्वासाने नंबर दिला, त्याचा नंबर जपणं हे कायद्याच्याही आधी साधं सौजन्य आहे.

वही नंबर एक

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र कॉम्प्युटरवर नाही झाली. मामाने एक लांबट वही आणली, वर ‘श्री’ लिहिलं आणि चार रकाने आखले. अ‍ॅनालिटिक्स किती म्हणतं, डेटाबेसमध्ये किती, मेल किती आले, फोन किती केले. दर शनिवारी ताई ही वही भरते. आकडे अगदी तंतोतंत जुळत नाहीत, जुळणारही नाहीत. काही लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं काहीतरी असतं आणि ते अ‍ॅनालिटिक्सलाही अडवतं. त्यामुळे अ‍ॅनालिटिक्सचा आकडा कधी एक-दोनने कमी पडतो. ते चालतं. पण ४६ आणि ९? एवढी दरी दिसली की समजायचं, कुठेतरी दार बंद आहे.

हो, ताई अजून तिथेच आहे. स्पॅममधल्या बारा जणांना त्याच दिवशी तिने एकेक करून फोन लावले. “सर, उशीर झाला, चूक आमची आहे,” अशीच सुरुवात करायची, असं मामाने बजावलं होतं. तिघांनी उचलला नाही. पाच जणांचं काम झालेलं होतं. एक गृहस्थ चांगलेच तापले, आणि ते रास्तच होतं. तिघांनी ‘येऊन माप घ्या’ म्हटलं, त्यातल्या दोघांनी काम दिलं. दोन किचन्स! ताईचा कित्येक महिन्यांचा पगार सुटला. मामाने तिला सॉरी म्हटलं नाही, त्याच्या पिढीला ते जमत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी क्रीमरोल आणला.

काकूंचा नंबर मात्र आमच्याकडे नव्हता. तीन वेळा देऊनही नव्हता. मामाला ते फार लागलं. “त्यांचा ओटा मी केला असता गं. फुकट केला असता,” असं तो दोन-तीनदा म्हणाला.

परवा एक फॉर्म आला. कोथरूडहून, कुणा बाईंचा. सासूबाई व्हीलचेअरवर, ओटा खाली घ्यायचाय. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘माझ्या मैत्रिणीने तुमच्या साइटवरचा ओटा दाखवला. ती म्हणाली, काम छान दिसतंय, पण फॉर्म भरून थांबू नकोस, दुकानात जाऊन ये. तरी भरते आहे. फोन कराल ना?’

ही मैत्रीण म्हणजे आपल्याच काकू का, हे मामाने विचारलं नाही, आणि मीही नाही. फॉर्म आला तेव्हा सकाळचे दहा वाजून चार मिनिटं झाली होती. वहीत चौथ्या रकान्यात ताईने वेळ लिहिली आहे, दहा वाजून नऊ मिनिटं.